शेवंतामाईंची समाधी

आत्यांच्या हातातून वाटी सुटली आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिली. आधी मोठ्या घेराने, मग लहान, मग जागच्या जागी नुसतीच थरथरली आणि थांबली. बैठकीच्या खोलीत तीसेक माणसं डोळे मिटून ध्यानाला बसली होती. त्या शांततेत तो आवाज देवळातल्या घंटेएवढा मोठा वाटला. मी वाटी उचलायला उठले, तर अण्णांनी डोळे न उघडताच हात वर केला. खाली बस, असं सांगणारा हात.

मग त्यांनी सावकाश डोळे उघडले, वाटीकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं आणि माणसांकडे वळले.

"पाहिलंत," ते म्हणाले. "माईंनी वाटी सोडली. आपल्याला काय काय सोडवत नाही, त्याचा जरा विचार करा."

आणि माणसांनी खरोखरच विचार केला. पहिल्या रांगेतल्या कुंकूलोळ बाईंनी डोळ्यांना पदर लावला. पुढचा पाऊण तास अण्णा वाटीवर बोलले. वाटीत उरलेलं घोटभर ताक जाजमावर सांडलं होतं, त्याचा डाग पसरत होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आत्यांच्या हाताची पकड गेली होती, एवढंच काय ते झालं होतं. त्या खोलीत ते दोघींनाच ठाऊक होतं, एक त्यांना आणि एक मला. आणि त्या बोलत नव्हत्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. अण्णा माझे थोरले दीर, ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवायचे. त्यांना व्याख्यान द्यायची जबर हौस होती आणि ऐकायला कोणी नव्हतं. गणेशोत्सवात त्यांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत आलं की गल्लीतली पोरं आधीच आरती उरकून घ्यायची. अशा माणसाला घरबसल्या तीस श्रोते मिळाले होते, आणि तेही डोळे मिटून ऐकणारे.

हे झालं कसं, ते सांगते.

बार्शीत आमच्या गल्लीत शेवंताकाकूंच्या, म्हणजे आत्यांच्या, तोंडाला लागायचं नाही, हे भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मेथीची जुडी हातात घेऊन त्या विचारायच्या, ही मेथी आहे की मेथीचं वर्षश्राद्ध. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी पहिली भाकरी त्यांनी उजेडासमोर धरली, मधल्या भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दिसतीस गं, दिसतीस." मी मोरीत जाऊन रडले होते. संध्याकाळी त्यांनीच मला पाटाशी बसवून, माझ्या हातावर हात ठेवून भाकरी थापायला शिकवली. शिकवतानाही तोंड चालूच होतं.

मग एका दिवाळीनंतर हे तोंड हळूहळू बंद होत गेलं. आवाज घोगरा झाला, एखाद्या पुरुषासारखा जाड. बोलताना जीभ तोंडात मावत नसल्यासारखी अडखळायची. काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागायचा, कधी यायचंच नाही. बसल्या जागी झोप लागायची. चैत्रात अंगण तव्यासारखं तापलेलं असताना आत्या शाल पांघरून बसायच्या आणि तरी त्यांचे हात गार असायचे. जेवण निम्म्यावर आलं होतं आणि चेहरा मात्र भरत चालला होता. येणाऱ्या बायका म्हणायच्या, किती तेज आलंय. ते तेज नव्हतं, सूज होती. सकाळी उठल्यावर डोळ्यांच्या खाली बोट दाबलं तर समजत होतं. पण संतांच्या डोळ्यांखाली बोट कोण दाबणार?

सुरुवात संक्रांतीला झाली. अण्णांच्या कॉलेजातले एक सर तिळगूळ द्यायला आले. त्यांनी आत्यांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, काकू, ओळखलंत का? आत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. पापणी न हलवता, एक शब्द न बोलता, चांगली पाच-सात मिनिटं. सर आधी हसले, मग अवघडले, मग त्यांना घाम फुटला. मग एकदम रडायलाच लागले. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आपण भावाला घराची पायरी चढू दिली नाही, तुम्हाला सगळं दिसतंय काकू, असं काहीतरी म्हणत त्यांनी आत्यांचे पाय धरले. मोकळे होऊन, नाक पुसत घरी गेले. ते गेल्यावर बऱ्याच वेळाने आत्यांनी मला विचारलं, "कोण होता गं?"

मला हसू आलं. अण्णांना आलं नाही. त्यांनी ते कॉलेजात सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघे आले, त्या आठवड्यात दहा. मग गुरुवारची बैठक ठरली. 'अंतर्नाद साधक मंडळ' असं नावही पडलं. जाऊबाईंनी आत्यांची हिरवी, मोरपंखी लुगडी ट्रंकेत घालून त्यांना पांढरं पातळ नेसवलं आणि शेवंताकाकूंच्या शेवंतामाई झाल्या. अण्णा शेजारी बसून अर्थ सांगायचे. माईंनी जेवण नको म्हटलं की आसक्ती गळाली. त्यांना डुलकी लागली की समाधी. न जेवता अंग भरतंय म्हणजे देह आता हवेवर पोसला जातोय, पुराणात असे दाखले आहेत. कोणते दाखले, हे इतिहासाच्या मास्तरांना कुणी विचारलं नाही. भुवयांचे बाहेरच्या टोकाकडचे केस झडले, त्याचाही काहीतरी अर्थ निघाला होता. मी तेवढ्यात चहा टाकायला गेले, म्हणून तो माझा ऐकायचा राहिला.

माझे मिस्टर, सुहास, साधे आहेत. टायरचं दुकान चालवतात आणि थोरल्या भावासमोर खाली बघतात. मी काही म्हटलं की त्यांचं एकच होतं, अण्णा करतोय ना, करू दे. आई शांत झाली, तुला तर बरंच आहे. गल्लीतल्या बायकाही तेच म्हणायच्या. सासूचं तोंड बंद झालं, हेमा, तुझं नशीब उघडलं.

मला ते घर आवडत नव्हतं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी कुणी काही म्हणत नव्हतं.

वाटी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. दूध तापत ठेवलं होतं आणि शालूची वेणी घालायची होती. शालू माझी मुलगी, तेव्हा साडेचार वर्षांची. आत्या ओट्याशी उभ्या होत्या, म्हणून मी म्हटलं, आत्या, दुधाकडे जरा बघा. त्यांनी बघितलं. दूध वर आलं, कडेवरून उतू गेलं, शेगडी विझली, गॅसचा वास सुटला, दूध ओट्यावरून खाली आत्यांच्या पायांपर्यंत आलं, आणि आत्या बघतच होत्या. शालूनेच आधी हाक मारली. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडकी उघडली, त्यांचे पाय गार पाण्याने धुतले. भाजले नव्हते फारसे.

मी पाय पुसत असताना वरून त्यांचा तो जाड आवाज आला. एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढल्यासारखा.

"दिसत होतं गं. हात येईना."

मी खाली बसले होते, तशीच बसून राहिले. कारण हे वाक्य माझं होतं. शालू पोटात असताना एकदा मी नळाखाली बादली लावून समोर बसले होते. बादली भरली, वाहिली, मोरीभर पाणी झालं, माझी चप्पल तरंगायला लागली. मला सगळं दिसत होतं आणि नळाकडे हात नेणं मात्र एखादा डोंगर चढण्यासारखं वाटत होतं. तेव्हा सगळे म्हणाले, दिवस गेलेत, आळस येणारच. तपासायला गेले तेव्हा मी डॉक्टरांना हेच सांगितलं होतं, मॅडम, दिसतं, पण हात येत नाही. रक्त तपासलं, थायरॉईड निघाला. तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी घेते, अजूनही घेते.

त्या संध्याकाळी मी सुहासना सांगितलं. ते म्हणाले, थायरॉईड तुला आहे, आईचं वय झालंय. मी म्हटलं, दोन्ही एकाच बाईला होऊ शकतं की. ते म्हणाले, अण्णाला विचार.

अण्णा ऐकून घेत होते, चेहऱ्यावर ते व्याख्यानातलं हसू ठेवून. बाळंतपणातला आजार सत्तरीच्या बाईला चिकटवतेस, म्हणाले. जिला तू सुस्ती म्हणतेस ना हेमा, ती मिळवण्यासाठी लोक हिमालयात जातात. मी म्हटलं, नुसतं रक्त तपासायचं, अण्णा, काही नसलं तर नसलं. त्यावर ते एकदम गंभीर झाले आणि त्यांनी मला ती बातमी सांगितली. अक्षय्य तृतीयेपासून माईंचं अकरा दिवसांचं मौन अनुष्ठान आहे. मागच्या खोलीत, जमिनीवर चटई टाकून. आहार म्हणजे तीर्थ आणि घोटभर दूध. आत अण्णांखेरीज कुणी जायचं नाही. फलक छापायला टाकले आहेत, सोलापूरहून माणसं येणार आहेत.

अनुष्ठान कुणी ठरवलं, मी विचारलं.

माईंनीच, अण्णा म्हणाले. मी विचारलं त्यांना. त्यांनी नाही म्हटलं नाही.

मला हसायला आलं नाही तेव्हा. रोज सकाळी आत्यांना मी उठवत असे. आधी हाक मारली की त्या उठायच्या. मग खांदा हलवावा लागायला लागला. मग बराच वेळ हलवावा लागायला लागला, आणि रोज तो वेळ वाढत होता. मधे मधे मी त्यांच्या नाकाशी हात धरून बघायची. अशा बाईला उपाशी, जमिनीवर, एका खोलीत बंद करणार होते, आणि जवळ असणार होते फक्त अण्णा. त्या उठल्या नाहीत तर ते हलवणार नव्हते. ते बाहेर येऊन अर्थ सांगणार होते.

संताला डॉक्टरकडे नेता येत नाही. पण देवीकडे नेता येतं. मी जाऊबाईंना म्हटलं, एवढं मोठं अनुष्ठान बसणार, आणि आत्यांनी देवीची ओटी भरली नाही, आज्ञा घेतली नाही, हे बरं दिसेल का? जाऊबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी अण्णांना सांगितलं, आणि अण्णांनी स्वतः रिक्षा ठरवली. मंडळातल्या कुणीतरी रिक्षाला झेंडूच्या माळाही घातल्या. जाऊबाईंनी खण-नारळाचं ताट दिलं. गर्दी नको, माईंना त्रास होतो, असं मी म्हटल्यावर आम्ही दोघीच बसलो, मांडीवर शालू. देवीची ओटी मी खरंच भरली, मनापासून भरली. मग त्याच माळांच्या रिक्षेतून डॉक्टर तांबोळींच्या दवाखान्यात गेलो. तिथे बाकावर बसलेल्या दोन बाया आत्यांना बघून उठल्या आणि पाया पडल्या. आत्यांनी त्यांच्याकडे बघितलं. बायांना समाधान वाटलं असावं.

तांबोळी मॅडम माझ्याच डॉक्टर, फटकळ बाई. मी सगळं सांगत होते तर त्यांनी मला हाताने थांबवलं आणि आत्यांना नाव विचारलं. आत्यांचे ओठ हलले. काही आलं नाही. मॅडम थांबल्या. बाहेर नंबर लागलेली माणसं कुरकुरत होती, मॅडम हनुवटीला हात लावून थांबल्या.

"शेवंता," आत्या म्हणाल्या. मग, आणखी थोड्या वेळाने, "गव्हाणे."

त्या दोन शब्दांसाठी इतका वेळ कुणी थांबलेलं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, शालू विचारायला लागली, आई, तुला सुई टोचणार का.

मॅडमनी नाडी बघितली, ती फार हळू होती. ताप बघायचं यंत्र लावलं, तो नेहमीपेक्षा कमीच होता. टाचेच्या वरच्या शिरेवर छोट्या हातोडीने टिचकी मारली. पाय उडाला आणि मग झोपेतून उठल्यासारखा सावकाश परत जागेवर आला. ते मॅडमनी दोनदा करून बघितलं आणि मला दाखवलं. पोट साफ होतं का, विचारलं. आत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नाही. किती दिवस, विचारलं. त्यांनी हात उचलला आणि बोटं मोजायला गेल्या, मग ते सोडून दिलं. हृदयाची पट्टी काढली, रक्त घेतलं.

रक्ताचं उद्या कळेल, पण मला आत्ताच जवळजवळ कळलंय, मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की इतके महिने घरात कुणालाच काही वाटलं नाही का. मी मंडळाचं सांगितलं, अनुष्ठानाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"या वयात हा आजार झाला की घरचे वय झालं म्हणतात आणि सोडून देतात, ते मी रोज बघते," त्या म्हणाल्या. "पाया पडायला लागलेले पहिल्यांदाच बघतेय."

मग त्यांनी मला खडसावून सांगितलं. उपास अजिबात नाही. गार जमिनीवर झोपवायचं नाही. झोपेची कुठलीही गोळी द्यायची नाही. उठवूनही उठल्या नाहीत तर वाट बघत बसायचं नाही, सरळ घेऊन यायचं. असं ताणत राहिलं तर माणूस झोपेतच जातो, आणि लोक म्हणतात, किती सुंदर मरण आलं.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. थायरॉईड जवळजवळ बंदच पडला होता. गोळी आजच सुरू करा, पण अगदी छोट्या मात्रेने, म्हाताऱ्या हृदयाला एकदम धक्का द्यायचा नसतो, हळूहळू वाढवू, असं मॅडमनी सांगितलं. मी गोळ्या आणून पदराच्या टोकाला बांधल्या.

संध्याकाळी बैठक होती. खोली भरून माणसं अंगणात बसली होती, ध्वनिक्षेपक लावला होता. आत्या पाटावर, शालीत, मान एका बाजूला कललेली. अण्णा उद्याच्या अनुष्ठानाचं माहात्म्य सांगत होते. मी सुहासना दुपारीच सगळं सांगितलं होतं, ते दाराशी उभे होते, खाली बघत. मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले आणि म्हटलं, अण्णा, मला बोलायचंय. ते म्हणाले, प्रश्न शेवटी.

"आत्यांना उद्या खोलीत बसवायचं नाही," मी म्हटलं.

अण्णा हसले आणि माणसांकडे वळले. सूनबाईंची माया आहे, म्हणाले, पण माया हेच तर शेवटचं बंधन. माणसांनी माना हलवल्या. मी रक्ताचं सांगितलं, मॅडमचं सांगितलं. ते म्हणाले, तू माईंचं रक्त काढलंस? अनुष्ठानाच्या तोंडावर? कुंकूलोळ बाईंनी कानांवर हात ठेवले. पुढे अण्णा रक्त, देह आणि आत्मा यांवर बोलायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस थायरॉईडचाही अर्थ सांगेल. याच्यासमोर काहीही ठेवलं तरी हा त्याचं प्रवचन करील. मी अशी एक गोष्ट शोधत होते जिचं प्रवचन होऊ शकत नाही. मग माझ्या तोंडून ती निघाली, आणि ध्वनिक्षेपक जवळ होता म्हणून अंगणाच्या फाटकापर्यंत गेली.

"अण्णा, आठवडा होत आला, आत्यांना शौचाला झालेली नाही."

ज्या शांततेसाठी मंडळ गेले कित्येक गुरुवार झटत होतं, ती त्या क्षणी आली. अण्णांचं तोंड उघडं होतं. काही येत नव्हतं.

मग पहिल्या रांगेतून कुंकूलोळ बाईंचा आवाज आला, दबका, काळजीचा. इसबगोल दिलंत का?

त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, इसबगोलाने काय होतंय, एरंडेल द्या, कोमट दुधातून. पुरुषांच्या बाजूने एक निवृत्त तलाठी त्रिफळा म्हणाले आणि आपला अनुभव सांगायला लागले. कुणी अंजीर म्हणालं. कुणी म्हणालं, रोज पहाटे तांब्यातलं पाणी. ज्यांनी महिनोन्‌महिने आत्म्यापलीकडे काही ऐकलं नव्हतं, ती माणसं इतकी मोकळी होऊन बोलत होती की मला त्यांची दयाच आली. अण्णा दोनदा म्हणाले, साधकहो. कुणी वळलं नाही. तेवढ्यात मागून एक बाई उठून पुढे आल्या, वाकून आत्यांच्या तोंडाकडे बघायला लागल्या. आमच्या कुर्डुवाडीच्या वन्संना असंच झालं होतं, म्हणाल्या. आवाज असाच, अंगावर शाल, आणि हे बघा, भुवया अशाच गेलेल्या.

सगळे आत्यांच्या भुवया बघायला लागले. मला वाटतं, त्या खोलीतल्या माणसांनी आत्यांच्या तोंडाकडे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सुहास दाराशी होते ते चालत आले. अण्णांकडे न बघता वाकले, आईला शालीसकट उचललं. त्यांना उचलणं सोपं नव्हतं, सुजेने अंग जड झालं होतं. ते उंबऱ्यापर्यंत पोचले असतील नसतील, तेव्हा त्यांच्या खांद्यावरून आत्यांचा तो घोगरा आवाज आला. मघाच्या चर्चेतला त्यांचा वाटा त्यांना आत्ता सापडला होता.

"एरंडेल नको," त्या म्हणाल्या. "मळमळतं."

अनुष्ठान झालं नाही. फलक पुढे कितीतरी दिवस जाऊबाईंनी डब्यांखाली घातले.

गोळीने जादू होत नाही. कितीतरी सकाळी मी त्यांना उठवून, पाण्याबरोबर ती बारीक गोळी द्यायची, माझी मीही घ्यायची, आणि चहाला अजून वेळ आहे म्हणून आम्ही दोघी न बोलता ओट्याशी बसायचो. शालू झोपेतून उठून कुणाच्याही मांडीवर येऊन पडायची. काही फरक दिसत नव्हता. मॅडम म्हणायच्या, धीर धर, मात्रा वाढवतोय. मग एक दिवस आत्यांनी शाल काढून खुंटीला लावली. मग एक दिवस पायऱ्या न थांबता चढल्या. सूज उतरली तशा सुरकुत्या परत आल्या, आणि त्या सुरकुत्या बघून मला इतका आनंद झाला की मी कुणाला सांगितलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

आणि पाऊस सुरू व्हायच्या सुमारास एका सकाळी त्यांनी माझ्या हातचा चहा तोंडाला लावला, कप खाली ठेवला आणि कपाकडे बघत म्हणाल्या, "हेमा, यात चहापत्ती घातलीस, का नुसतीच डबी दाखवलीस?"

मी पदर तोंडात धरून मोरीत पळाले. या वेळीही रडलेच, पण ते निराळं.

घरात आनंद तेवढ्यापुरताच होता. संत बरा झाला की लोकांना फार गैरसोयीचा होतो. तलाठी एकदा आले, वाकले, तर आत्या म्हणाल्या, कंबर दुखत असेल तर कशाला वाकता. ते परत आले नाहीत. जाऊबाईंना मोरपंखी लुगडी ट्रंकेतून काढून इस्त्री करून द्यावी लागली, आणि घडी चुकली म्हणून ऐकूनही घ्यावं लागलं. अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. बोलले ते एकदाच, चपला घालता घालता, भिंतीकडे बघत. एवढ्याशा गोळीने तू किती लोकांचा आधार काढून घेतलास, म्हणाले, याचा कधी विचार कर. आई बरी झाली, याबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही. बहुधा त्याचा अर्थ अजून सापडला नसावा.

श्रावणात एका दुपारी आत्या आणि मी गवार निवडत बसलो होतो. मी विचारू नये असं ठरवलं होतं आणि विचारलं. आत्या, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं, सगळे समोर येऊन बसायचे तेव्हा?

त्या बराच वेळ गवार मोडत राहिल्या. मला क्षणभर भीतीच वाटली. पण हे थांबणं वेगळं होतं, त्या शब्द निवडत होत्या.

"ऐकू सगळं यायचं," त्या म्हणाल्या. "बोलावंसं वाटायचं. म्हणायचं असायचं, मला थंडी वाजतीय, कुणीतरी गोधडी आणा. पण शब्द जिभेवर येईस्तोवर माणूस पाया पडून उठलेला असायचा. मग दुसरा यायचा. मला वाटायचं, मी मेलीय, आणि ही माणसं भेटायला आलीत. कुणी रडतंय, दिन्या भाषण करतोय. म्हटलं, असंल. असंच असतंय वाटतं मेल्यावर."

दिन्या म्हणजे अण्णा, दिनकर. आत्यांनी माझ्यापुढची गवार आपल्याकडे ओढली आणि म्हणाल्या, शिरा काढतीस का नुसती मोडतीस, पोरीच्या घशात अडकतील.

मंडळ मोडलं नव्हतं, हे आम्हाला गौरीच्या बाजाराला गेलो तेव्हा कळलं. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक वाघमोडे आजोबा राहायचे, पोस्टातून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून बोलेनासे झाले, असं कोणी म्हणत होतं. कोणी म्हणत होतं, नाही, त्याच्याही आधीपासून. त्यांच्या घरासमोर चपलांचा ढीग होता. दार सताड उघडं होतं आणि आतून अण्णांचा आवाज येत होता, अगदी पूर्वीसारखा, भरलेला, सुखी. कुंकूलोळ बाईंचा पदर डोळ्यांशी गेलेला दिसत होता. आजोबा पाटावर बसले होते, गळ्यात हार, नजर दाराबाहेर, आमच्या दिशेने. आम्हाला बघत होते की नाही, कळत नव्हतं.

आत्या रस्त्यात थांबल्या. पिशवी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, आत्या, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही, त्या दिवसांत त्या कुणाचंच ऐकत नव्हत्या. चपलांसकट त्या तीन पायऱ्या चढल्या आणि त्या मोठ्या आवाजात, जो आवाज मी कित्येक महिने मागितला होता, आत जाऊन अण्णांना म्हणाल्या, "दिन्या, ह्यांना काय होतंय ते विचारलंस का आधी? सरक. मी विचारते."

आतलं भाषण बंद पडलं. मी बाहेर उभी होते, एका हातात पिशवी, एका हातात शालू. ती टाचा उंच करून आत बघत होती, आजोबांकडे. त्यांनी मान हलवली नव्हती. आत्या त्यांच्यापुढे खाली बसल्या होत्या आणि उत्तराची वाट बघत होत्या.

शालूने माझा हात ओढला.

"आई," तिने विचारलं, "ते आजोबा देव झालेत, का आजारी आहेत?"